खुणांच्या चौकटीखालची गल्ली

नकाशेकाकांना रस्ता विचारायचा नाही, असं गावातले लोक गमतीनं म्हणायचे. विचारलात की अडकलात. रस्ता तर ते सांगायचेच. पण तो रस्ता जन्माला कधी आला, मधेच वाकडा का झाला, कुणाच्या हट्टापायी झाला आणि तो सरळ करायला नगरपालिकेनं किती वेळा माणसं पाठवली, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय तुमची सुटका नसायची. तोवर तुमची बस निघून गेलेली असायची. तरी कुणी रागवायचं नाही. काका बोलायचेच तसे रंगून, हातातल्या छत्रीच्या टोकानं धुळीत रेघा मारत.

जन्मभर ते नगरपालिकेच्या नगररचना शाखेत आरेखक होते. आरेखक म्हणजे दुसऱ्यानं ठरवलेल्या रेघा स्वच्छ मारणारा माणूस. रस्ता कुठून न्यायचा ते साहेब ठरवणार, बाग कुठे करायची ते चार शहाणे भांडून ठरवणार, आणि तिरक्या टेबलावर वाकून मान मोडून घेणार ते हे. निवृत्त झाल्यावर बहुतेक माणसं झोपा काढतात नाहीतर सुनेच्या कामात लुडबुड करतात. काकांना ना मूल, ना सून. त्यांनी एक मोजायची टेप घेतली, जाड तळव्याचे बूट घेतले आणि अख्खं गाव पालथं घातलं.

त्यातून पुस्तक झालं. गावातल्या प्रत्येक रस्त्याची, चौकाची, बोळाची गोष्ट. कारंज्याच्या चौकात कारंजं का नाही, तर जागा आखली, गोल कट्टा बांधला, नळ टाकायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि नाव तेवढं चिकटलं. एका विधवा बाईनं दारातलं झाड तोडू दिलं नाही म्हणून हमरस्ता कसा कंबरेत वाकला. शिंप्यांच्या गल्लीत दुकानं एकाच बाजूला का आहेत. पुस्तकाच्या मागच्या कव्हराला आतून एक खिसा होता आणि त्यात घडी घातलेला मोठा नकाशा होता, काकांनी स्वतःच्या हातानं काढलेला. गावानं पुस्तक डोक्यावर घेतलं. शाळेत बक्षीस म्हणून तेच, पाहुण्याला भेट म्हणून तेच. ज्यांनी आयुष्यात पुस्तक विकत घेतलं नव्हतं त्यांच्याही घरात ते दिसायचं, टीव्हीशेजारी, दिसेल असं ठेवलेलं.

प्रस्तावनेत काकांनी एक वाक्य लिहिलं होतं आणि भाषणात ते दर वेळी म्हणून दाखवायचे. "या गावातली एकही गल्ली मी सोडलेली नाही." त्यावर टाळ्या पडायच्या.

सोडली होती की! एक गल्ली सोडली होती, आणि तीही स्वतःची. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण या गृहस्थांनी चक्क नकाशात उतरवली होती.

पुलाच्या खालच्या अंगाला, कचरा डेपोच्या भिंतीला चिकटून एक गल्ली आहे. तिचं कागदोपत्री नाव कुणालाच ठाऊक नाही. लोक तिला नाकदाब्या गल्ली म्हणतात, कारण पुलावरून जाताना तिच्या डोक्यावर आलं की हात आपोआप नाकाकडे जातो. तिथे बाटल्या धुतात. गावभरच्या रिकाम्या बाटल्या, औषधाच्या, दारूच्या, तेलाच्या, रॉकेलच्या, सगळ्या तिथे पोत्यांतून येतात. मोठ्या टपांत सोड्याच्या कढत पाण्यात भिजतात, लेबलं सुटून वर तरंगतात, मग लांब ब्रशानं आतून घासायच्या, उलट्या लावून वाळवायच्या आणि परत कारखान्याला पाठवायच्या. पाण्यात फुटकी बाटली दिसत नाही. त्या गल्लीतल्या बायकांच्या हातांवर पांढऱ्या वणांच्या रेघा असतात, आणि नवी सून आली की तिला पहिल्यांदा शिकवतात ते हेच, की टपात हात घालताना बोटं पसरायची नाहीत.

काका तिथे वाढले. आईवडील लवकर गेले. मोठ्या बहिणीनं, ताईनं, बाटल्या धुऊन त्यांना शिकवलं. ताई त्यांच्याहून फार मोठी नव्हती, पण घरात कुणीतरी मोठं व्हायला हवं होतं म्हणून ती झाली. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट एकदा काच लागल्यापासून वाकत नाही. रोज शाळेत जाण्याआधी ती भावाला अंग घासूनघासून न्हाऊ घालायची, कातडी लाल होईपर्यंत. तरी वर्गात तो शेजारी बसला की पोरं नाक दाबायची. एकदा तर मास्तरांनीच नाकाला रुमाल लावला. पोरांचं तो विसरला असता कदाचित, पण मास्तरांचा रुमाल त्याच्या काळजात कायमचा रुतून बसला.

नोकरी लागल्यावर तो गल्लीतून निघाला तो निघालाच. कुणी विचारलं, मूळचे कुठले, की उत्तर ठरलेलं: "आम्ही पुलाकडचे." खोटंही नाही आणि खरंही नाही. पुलाकडे चांगली वस्तीही आहे, दवाखाना आहे, छापखाना आहे. ऐकणारा आपल्या मनानं काय ते समजायचा. लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनाही तेच सांगितलं. ताई लग्नाला आली होती, नवे कपडे घालून. काकांनी तिची ओळख करून दिली ती "लांबची बहीण" म्हणून. ती मागच्या रांगेत बसली, जेवली आणि पंगत उठायच्या आत निघून गेली. निरोप घ्यायलाही थांबली नाही.

बायकोला, म्हणजे नकाशेकाकूंना, खरं काय ते नंतर कळलं. काकू चांगल्या घरातल्या, पण नाक मुरडणाऱ्या नव्हेत. त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं की तिला घरी आणा, आपण तिकडे जाऊ. काका म्हणायचे, बघू. त्यांचं बघू कधी संपलं नाही. शेवटी काकूंनी म्हणणं सोडून दिलं.

तरी बहीणभावांची भेट व्हायची. पुलावर. मधोमध एक दगडी बाक आहे, तिथे महिन्यातून एकदा ताई खालून चढून यायची आणि काका वरून यायचे. काका तिच्यासाठी काहीबाही आणायचे, ती त्यांच्यासाठी आणायची. थोडं बोलणं व्हायचं, तब्येत, हवा, काकूंची चौकशी. गल्लीत चल असं ती कधी म्हणाली नाही. मी येतो, असं काकाही म्हणाले नाहीत. इतकी वर्षं झाली की दोघांनाही ते असंच असतं असं वाटू लागलं होतं, निदान काकांना तरी.

आता नकाशाचं ऐका. कुठल्याही नकाशाच्या एका कोपऱ्यात एक चौकट असते. निळा रंग म्हणजे पाणी, हिरवा म्हणजे बाग, काट्याची रेघ म्हणजे रेल्वे, असं तीत लिहिलेलं असतं. तिला खुणांची चौकट म्हणायचं. तिचा नियम साधा. ज्या जागी नकाशात काही नाही तिथे ती ठेवायची. शाखेत नवीन लागल्यावर पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी काकांना हे शिकवलं होतं, आणि काकांनी पुढे कितीतरी नवशिक्यांना शिकवलं. या गावाच्या नकाशात तर प्रश्नच नव्हता. वरच्या कोपऱ्यात भलंमोठं तळं होतं, नुसतं निळं पाणी. आंधळ्यानंही चौकट तिथेच ठेवली असती.

काकांनी ती खालच्या कोपऱ्यात ठेवली. पुलाच्या पायथ्याशी, डेपोच्या भिंतीपासून नदीपर्यंत. मनाशी म्हणाले, तळ्याचा निळा रंग छान उतरलाय, तो कशाला झाका. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांचा तोटा नसतो. चौकटीची रेघ मारताना त्यांचा हात जराही हलला नाही. नकाशा पुरा झाला तेव्हा उलट त्यांना बरं वाटलं, मोकळं मोकळं वाटलं, आणि या बरं वाटण्याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

पुस्तकाची एक प्रत ताईला द्यायलाच हवी होती. ती त्यांनी पुलावरच दिली. देण्याआधी मागच्या खिशातला नकाशा काढून घेतला. ताईला अक्षरं जुळवून वाचता यायचं, पण पुस्तक वाचण्याइतकं नाही, त्यामुळे खिसा रिकामा का, हे ती विचारणार नाही असा त्यांचा हिशेब. ताईनं प्रत दोन्ही हातांनी घेतली, उलटीसुलटी केली, मागचा काकांचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "दाढी नीट केली असतीस तर." मग ती प्रत तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि हळूहळू पूल उतरून गेली.

इथवर सगळी झाकली मूठ होती. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच?

गावच्या वाचनालयात नव्या ग्रंथपाल बाई आल्या. तरुण, उत्साही, आणि प्रत्येक गोष्टीत लोकांना ओढून आणणाऱ्या. वाचनालयाच्या बाहेरची लांबलचक भिंत रंगवायची होती. बाईंनी नगरपालिकेकडून मंजूर करून घेतलं की तिच्यावर काकांचा नकाशा काढायचा, भिंतभर, कायमचा. त्याआधी वाचनालयात एक संध्याकाळ ठेवायची. नकाशाची मोठी प्रत छापून भिंतीवर लावायची आणि ज्याला वाटेल त्यानं येऊन आपल्या घरावर लाल टिकली चिकटवायची. घराघराला आमंत्रण म्हणून पत्रकं वाटली. अध्यक्ष कोण, तर अर्थातच नकाशेकाका.

 बाईंना काकांनी विचारलं, जरा जास्तच सहज आवाजात, की पत्रकं कुठे कुठे वाटली. बाई म्हणाल्या, सगळीकडे, तुमच्या नकाशात आहेत त्या सगळ्या गल्ल्यांत. काकांना हायसं वाटलं. नकाशात नाही तिथे पत्रक जाणार नाही. बघा माणूस कुठवर उतरतो ते. स्वतःच्या बहिणीला स्वतःच्या कौतुकाचा पत्ता लागू नये म्हणून तो मनातल्या मनात प्रार्थना करत होता.

संध्याकाळ झाली, आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा उरली नाही. खुर्च्या बाजूला सारलेल्या, समोरच्या भिंतीवर नकाशा, शेजारी टेबलावर लाल टिकल्यांची पानं. रांग दारातून बाहेर गेलेली. काका नकाशाशेजारी उभे होते, इस्त्रीचा कोट घालून. काकू पहिल्या रांगेत. लोक हसतखिदळत होते. एका गृहस्थांनी टिकली सासरवाडीवर लावली तर बायकोनं तिथल्या तिथे फटकारलं. कंपाउंडरनं दवाखान्यावर टिकली लावली, म्हणाला मी राहतो तरी कुठे घरी. दोन भाऊ एकाच घरावर दोन टिकल्या लावायच्या की एक, यावरून हुज्जत घालत बसले, कारण ते नुकतेच वेगळे झाले होते. काका प्रत्येकाला त्याच्या रस्त्याची एकेक गोष्ट सांगत होते आणि रंगात आले होते.

तेवढ्यात रांगेत त्यांना ताई दिसली.

तिच्यासोबत गल्लीतल्या पाचसहा बायका होत्या. सगळ्यांनी केस नीट विंचरलेले, धुतलेले कपडे, चेहऱ्यावर जत्रेला आल्यासारखा उत्साह. पत्रक कुणी दिलं नव्हतं, पण पत्रकाचा एक गठ्ठा उरला होता तो रद्दीतून गल्लीत पोचला होता, आणि ताईच्या शेजारणीनं तो वाचून दाखवला होता. ही शेजारीण तोंडाची फटकळ, कुणाचं ऐकून न घेणारी. आपली घरं नकाशात बघू या म्हणून तिनंच सगळ्यांना गोळा केलं होतं.

 काकांनी बोलणं आवरतं घेतलं. रांग मात्र थांबायला तयार नव्हती.

ताईचा नंबर आला. तिनं भावाकडे पाहिलं, आणि ओळखीचं हसू ओठांवर येता येता तिथेच थांबवलं. काकांना ते दिसलं. मग ती नकाशाकडे वळली. एवढा मोठा नकाशा तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. ग्रंथपाल बाई प्रेमानं म्हणाल्या, आजी, तुमच्या पुस्तकातही हाच नकाशा आहे, छोटा. ताई म्हणाली, माझ्यात नव्हता, मला वाटलं माझ्याच हातून कुठे पडला, सगळं घर शोधलं मी. काकांनी मान खाली घातली.

बाईंनी विचारलं, घर कुठे तुमचं. ताईनं सांगितलं, नाकदाब्या गल्ली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. ताईनं पूल शोधला. तो सहज सापडला. पुलावरून तिनं आपलं ते न वाकणारं बोट खाली आणलं, पायथ्याशी आणलं, आणि तिथे बोट चौकटीच्या रेघेला जाऊन अडलं. तिनं बोट जरा डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. पुन्हा पुलापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच.

शेजारणीला राहवलं नाही. ती पुढे झाली. "आमच्या डोक्यावर हे काय ठेवलंय?"

बाईंनी चौकटीत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. निळं म्हणजे पाणी, हिरवी म्हणजे बाग. आणि मग त्यांच्याही लक्षात आलं, कारण त्या गप्प झाल्या.  शेजारीण काकांकडे वळली, कमरेवर हात ठेवून, आणि म्हणाली की वर एवढं तळं पडलंय मोकळं, पाण्यात कुणी राहत नाही, मग ही पेटी आमच्याच घरांवर का.

काकांनी तोंड उघडलं.  जन्मभर एकेका बोळाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला एक शब्द सापडेना.

बोलली ताई. "अगं, असू दे. कागद केवढासा, गाव केवढं. ती पेटी कुठेतरी ठेवायलाच हवी. साहेबांनी काय मुद्दाम केलंय?" आणि काकांकडे वळून, अनोळखी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तुम्ही मनावर घेऊ नका हं, साहेब."

आणि काकांनी काय केलं? मान डोलावली. होय. बहिणीनं त्यांना सगळ्या गावासमोर साहेब म्हटलं, आणि त्यांनी मान डोलावली, जसं काही एका भल्या बाईनं त्यांना समजून घेतलं. ही माझी बहीण, एवढे तीन शब्द बोलायचे होते. 

ताईच्या बोटावर लाल टिकली तशीच होती. बाई चाचरत म्हणाल्या, आजी, ती कुठेही लावा, आपण नंतर दुरुस्त करू. ताईनं टिकली पुलावर लावली, मधोमध, दगडी बाक आहे तिथे.

"आम्ही पुलाकडचे," ती म्हणाली.

मग ती बायकांना घेऊन निघून गेली. शेजारीण जाताना काहीतरी पुटपुटत होती, पण ताईनं तिचा दंड धरला होता. कार्यक्रम पुढे चालू राहिला, कारण रांग होती आणि लोकांना आपापल्या घरावर टिकली लावायची होती. काका उभे होते. कुणी त्यांना रस्त्याची गोष्ट विचारली तर ते म्हणत, आठवत नाही.

हे "आम्ही पुलाकडचे" तिला कुठून कळलं? त्यांनी तर तिला कधी सांगितलं नव्हतं. पण गाव लहान, आणि मोठ्या माणसाचं बोलणं खाली झिरपतंच. म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि दर महिन्याला ती पूल चढून त्यांच्या त्या खोट्यापाशी येऊन बसत होती. काकांना वाटलं, तिनं चारचौघांत थोबाडीत मारली असती तर फार बरं झालं असतं.

घरी आल्यावर काकूंनी जेवण वाढलं. स्वतः जेवल्या नाहीत. काका घास चिवडत होते. काकू म्हणाल्या, "तिनं तुम्हाला साहेब म्हटलं, आणि तुम्ही मान डोलावलीत." एवढंच. मग त्यांनी भांडी उचलली.

सकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. बिचाऱ्या फार अवघडून बोलत होत्या. रंगारी यायचाय, भिंतीवर आखणी सुरू करायचीय, तर ती चौकट तळ्यात सरकवता येईल का, आणि खालची गल्ली काढून द्याल का. नजरचुकीनं होतं असं, त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्या कामात एखादी गल्ली सुटायचीच. काका म्हणाले, सुटली नाही.  रंगाऱ्याला थांबवा एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

टेप घेतली, कागद घेतला, बूट घातले आणि निघाले. पूल आला. बाकापाशी पाय सवयीनं थांबले. मग पायऱ्या उतरायला लागले. पुलाच्या बाजूला खाली जाणाऱ्या त्या पायऱ्या किती उंच आहेत, हे त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि असणार कसं. झिजलेल्या, ओल्या, आधाराला लोखंडी नळी तीही मधेच तुटलेली. काका धापा टाकत खाली पोचले. वास आला. तोच. त्यांचा हात नाकाकडे गेला. अर्ध्यावर त्यांनी तो खाली घेतला. पण गेला होता.

गल्ली त्यांना ओळखू येईना. पूर्वी पत्र्याच्या चार खोल्या होत्या, आता विटांची घरं होती, एकाला एक खेटून. टपं तीच. उलट्या लावलेल्या बाटल्यांवर ऊन पडलं होतं. कोणतं दार ताईचं? जुनी माणसं कुणी उरली नव्हती, जी ओळखतील. सगळ्या गावाला रस्ता सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बहिणीचं दार माहीत नव्हतं. ते गल्लीच्या तोंडाशी तसेच उभे राहिले, टेप हातात धरून.

समोर टपाशी कालचीच शेजारीण होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं आणि काम न थांबवता म्हणाली की साहेब मोजायला आलेत वाटतं. काकांनी ताईचं घर कुठलं ते विचारलं.

"तुम्ही कोण तिचे?"

"भाऊ."

तिनं ब्रश बाटलीतून बाहेर काढला. "भाऊ तर परगावी असतो तिचा," ती म्हणाली. "मोठ्या हुद्द्यावर आहे. महिन्यातून एकदा येतो बिचारा, पण परतीची गाडी लगेच असते म्हणून पुलावरूनच भेटून जातो. खाली यायला सवड नसते त्याला. ताई सांगते ना आम्हाला."

 आपलं खोटं आपण एकटेच सांभाळतो, अशी काकांची समजूत होती. तिनं तर त्यांच्यासाठी अख्खं गाव उभं केलं होतं, वेगळं गाव, गाडी, हुद्दा, घाई. भाऊ का येत नाही, असं विचारून कुणी त्याला नावं ठेवू नयेत म्हणून.

"मी परगावी नसतो," काका म्हणाले. "तळ्याच्या रस्त्याला राहतो. आणि ती चौकट तिथे चुकून नाही पडली. मी मुद्दाम ठेवली."

शेजारीण फटकळ. काल हॉलभर लोकांसमोर तिनं काही बाकी ठेवलं नव्हतं. आज तिनं काकांकडे नुसतं पाहिलं. ओल्या ब्रशानं फक्त दाखवलं: टोकाचं दार, बाहेर निळं पिंप आहे ते. ती चार शिव्या देती तर काकांना चालायला बळ आलं असतं.

ताई दारातच टपाशी बसली होती, गुडघे पसरून, पाठ भिंतीला टेकून. मागे फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक दिसत होतं. भावाला पाहून ती घाबरली. घरी सगळं ठीक ना, बायकोला बरं आहे ना, असं भराभरा विचारलं. वाईट बातमीशिवाय तो इथे येईल, हे तिच्या मनातही आलं नाही. मग त्याच्या मागोमाग आलेली शेजारीण आणि चार बायका दिसल्या तशी ती चटकन सावरली आणि मोठ्यानं म्हणाली, "या साहेब, गल्ली मोजायला आलात का?"

"ताई, पुरे," काका म्हणाले. "मी सांगितलंय त्यांना."

 ताईचे हात टपातल्या पाण्यात तसेच राहिले.

काका दारात उभ्याउभ्या बोलत सुटले. चौकट तळ्यात नेतो म्हणाले, गल्ली दारादारासकट काढतो म्हणाले, भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी. पुस्तकाची नवी आवृत्ती काढतो, प्रस्तावनेत खरं लिहितो. लग्नातलं बोलले, पुस्तकाच्या रिकाम्या खिशाचं बोलले, कालचं बोलले.  ताईनं हातातली बाटली विसळली, पाणी ओतून दिलं, उजेडाकडे धरून पाहिली आणि फळीवर उलटी लावली. मग दुसरी घेतली.

"ताई, काहीतरी बोल ना."

"काय बोलू?" ती म्हणाली. तिनं टपाच्या काठाला धरून उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही, पुन्हा बसली. "तू आत ये आधी. पुलाच्या त्या पायऱ्या मला आता एकटीनं चढवत नाहीत रे. गुडघे फार दुखतात. किती दिवस सांगेन म्हणते तुला."